फाडायचा राहिलेला कागद

६ जानेवारी, मंगळवार

आणि वरून मलाच विचारते, "घरी मारता का त्याला?" चावा पोरानं घेतला आणि झडती आईची! इतकी वर्षं "ओमकार तो हमारा बच्चा है अम्मा" म्हणणारी ती त्याच्यासारख्या मुलांच्या शाळेची मोठी बाई, तिच्या दंडावर दात उमटले तसा एका दुपारात तो एकट्या माझा झाला. म्हणे घरात लाड फार झाले, शिस्त लावली नाही. मी म्हटलं, बाई, शिस्त लावायची शाळा तुमची, मग तुम्ही का नाही लावली? तर शिपायाकरवी त्याचे बदलायचे कपडे पिशवीत भरून हातात दिले. अठरा वर्षांचा बाप्या. पिशवी छातीशी धरून ऑटोत बसला आणि मलकपेठचं घर येईस्तोवर तिची चेन उघड-बंद, उघड-बंद. ऑटोवाला आरशातून बघत होता. म्हटलं, "सामने देखो भाई, तमाशा नै है."

झालं काय ते लिहिते, कारण दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तेवढंच लिहायला सांगितलंय. तो काय करतो, आणि त्याच्या आधी काय झालं. तर शाळेची घंटा अडकली. वाजतच राहिली. ओमकार स्वतःच्या कानावर थपडा मारायला लागला. बाईंनी त्याचे हात धरले. धरायचे नसतात, हे मी हजारदा सांगितलेलं. त्याचं एकदा काही सुरू झालं की त्याला स्वतःलाच थांबता येत नाही. उतारावरची बिनब्रेकची सायकल. पुढं उभं राहील त्याला लागणारच.

डायरी तेजूनं, म्हणजे माझ्या मुलीनं, तिच्या ऑफिसातून आणली. मी चौथी शिकलेली, तेही गावाकडच्या मराठी शाळेत. तेजूचं सगळं शिक्षण इंग्रजीत आणि तेलुगूत गेलं. मराठी वाचायला बसली की अंधारात भिंत चाचपावी तशी अक्षरं चाचपते. म्हणून इथं मनातलं लिहायला भीती नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

रिपोर्ट आला. दिवाळीआधी माझं, ह्यांचं आणि ओमकारचं रक्त घेतलं होतं. डॉक्टर मनीषा आपल्याच भाषेतली आहे, हैदराबादच्या जुन्या वकिली घराण्यातली. मराठी बोलते पण पुस्तक उघडून ठेवल्यासारखं. तेजू बरोबर होती. हे नव्हते, बेगम बाजारात माल उतरायचा होता. मसाल्याच्या दुकानात हे वजनकाट्यावर असतात, त्यांना शुक्रवार काय नि शनिवार काय.

बाई आधी इंग्रजीत सांगायला लागल्या. मी म्हटलं, मला कळेल असं सांगा, नाहीतर हिला सांगा आणि मी बाहेर बसते. मग त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?"

"ब्लाउज शिवते."

"मूळ माप जपून ठेवता ना? मग कापड कापताना?"

"त्याच्यावरून पेपर कटिंग काढते."

"ते चुकलं तर?"

"फाडते. ठेवलं तर पुढच्या वेळी तेच हाताला लागतं, आणि कापड वाया."

"शरीराच्या प्रत्येक पेशीत असंच चालतं," म्हणाल्या. मूळ माप आतल्या कपाटात बंद. त्याच्यावरून रोज कागद निघतात, त्या कागदाला आरएनए म्हणतात. कागदावरून पुढचा माल शिवला जातो. कागद चुकतात, सगळ्यांच्याच चुकतात. पण पेशीत तपासनीस असतात, चुकलेला कागद हेरून फाडून टाकणारे. ओमकारचे ते तपासनीस अधू आहेत. चुकलेले कागद पडून राहतात, त्यांच्यावरून अर्धवट बाह्या, वाकडे गळे शिवले जातात. मेंदूच्या पेशींना त्याचा मार जास्त, कारण तिथं कागद फार निघतात आणि बहुतेक पेशी एकदा झाल्या की जन्मभर त्याच.

"म्हणून चावतो?"

"इतकं सरळ नाही सांगता येत. पण पेशी एकमेकींना 'पुरे, थांब' म्हणतात, ते जुळणं त्याच्यात लहानपणापासून कच्चं राहिलं. तो हट्ट करत नाही, ताई. त्याला थांब ऐकूच येत नाही आतून."

लाड नव्हते तर. माझ्या सासूनं, जावेनं, शाळेनं, गल्लीनं अठरा वर्षं माझ्या डोक्यावर जे थापलं ते लाड नव्हते. मग विचारलं, औषध काय? तर औषध नाही. झोपेचं आहे, झटक्याचं आहे, तपासनीस दुरुस्त करायचं नाही. मी म्हटलं, मग मला हे सांगून तुम्ही काय मिळवलं? बाई शांत बसल्या. शांत माणसाचा मला फार राग येतो.

पुढं म्हणाल्या, मूळ मापं प्रत्येकाकडं दोन असतात, एक आईचं, एक बापाचं. माझ्याकडं एक चांगलं, एक खराब. ह्यांच्याकडं तसंच. एक चांगलं असलं की भागतं. ओमकारकडं दोन्ही खराब गेली. म्हणजे अर्धा दोष माझा, अर्धा ह्यांचा. लग्नानंतर पहिल्यांदा ह्या माणसानं कशात बरोबर अर्धा वाटा उचलला.

"नात्यात लग्न होतं का तुमचं?"

"माझी सासू माझी सख्खी आत्या."

"आणि तेजश्रीचं कुठं ठरलंय?"

मी सांगितलं, माझ्या भावाच्या मुलाशी. अक्षय तृतीयेच्या पुढं तारीख धरलीय. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, लग्नाआधी दोघांचं रक्त तपासू या. मी म्हटलं, बघू. हिचं काय जातं? हिला काय ठाऊक हे लग्न कशावर उभं आहे.

तेजू परत येताना एक शब्द बोलली नाही. बस लागली असेल.

१५ जानेवारी, संक्रांत

सिकंदराबादला दादाकडं गेलो. हिम्मतदादा माझा थोरला भाऊ, रेल्वेत आहे. त्याची बायको भामा ही ह्यांची सख्खी बहीण. साटंलोटं झालं होतं आमचं, एकाच मांडवात. ह्यांनी मला केली, दादानं भामाला. आमचे वडील आबासाहेब म्हणायचे, असं केलं की दोन्ही पोरी सुखी, कारण आपल्या सुनेला छळलं की तिकडं आपली लेक रडते. खरं होतं. उलटंही खरं होतं. एकदा ह्यांनी मला हाताला धरून बाहेर काढलं तर दुसऱ्या दिवशी भामा पिशवी घेऊन आमच्या दारात. तिचा काही गुन्हा नाही. मी तिला वहिनी म्हणते, ती मला वहिनी म्हणते. पोरं हसतात.

तिचा प्रशांत मला आत्या म्हणू की मामी, असं लहानपणी विचारायचा. आता सासूबाई म्हणेल. पोरगा चांगला आहे, रेल्वेतच लागलाय. आणि मुख्य म्हणजे दादानं सुपारी फोडताना चारचौघांत शब्द दिलाय, तुमच्या मागं ओमकार आमच्या घरात राहील. बाहेरच्या कुठल्या घरी तेजूला दिली तर तिच्या भावाला कोण उभं करील? लोक पाहुण्याचा कुत्रा घरात घेत नाहीत. म्हणून हे लग्न. साड्या-मांडव नंतर.

मी हसत हसत डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. कागद, तपासनीस, सगळं. म्हटलं, रक्त द्या म्हणते पोरांचं.

दादानं वाटी आपटली. "रक्तात खोट म्हणते ती? कुणाच्या? आबासाहेबांच्या?"

"मी नाही म्हणत, ती म्हणते."

"तू ऐकून घेतेस म्हणजे तूच म्हणतेस. ओमकारचं ते तू सातव्या महिन्यात जिन्यावरून पडलीस म्हणून. सगळ्या जगाला माहितीय."

मला ते पटलं. खरंच पडले होते. पण भामा तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती ते ताट सुटलं तिच्या हातून. सगळीकडं तीळ. दादा ओरडला, "आंधळी आहेस काय?" ती जमिनीवर बसून तीळ वेचत राहिली, आमच्याकडं पाठ करून. प्रशांतनं तेवढ्यात विचारलं, "आत्या, कुठला दवाखाना? कितव्या मजल्यावर?" म्हटलं, तुला काय करायचंय, तू पतंग उडव जा.

२४ जानेवारी

लिहायला आज दोन दिवसांनी हात मोकळा झाला. न्हाणीचा नळ. ओमकारनं परवा सकाळी चालू-बंद करायला धरला तो सोडेना. पाणी खोलीत आलं, शिलाई मशीनखाली गेलं, तिच्या मोटारीची वायर भिजायला लागली. मी बाहेरून बटण बंद केलं. हे आत गेले. मी ओरडले, धरू नका त्याला, धरू नका. ह्यांनी धरलंच. बापाचा जीव. ओमकारनं ढकललं, हे उंबऱ्यावर पडले, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. काट्यावरचं माणूस घरात बसलं.

आधी काय झालं, असं लिहायचं ना? आधी कुठंतरी लांब फटाके वाजले. त्याच्या आधी सहा महिन्यांपासून नळाचा वॉशर गेलेला आणि मी रोज म्हणत होते बदला.

मी ओमकारला मारलं. पायपुसणं हाताला लागलं त्यानं मारलं. तो हसत नव्हता, रडत नव्हता. पाण्याकडं बघत होता, आणि हात अजून नळ फिरवल्यासारखा हवेत फिरत होता. ते बघितलं आणि मला त्या बाईंचं वाक्य आठवलं, थांब ऐकूच येत नाही. मग मीच थांबले.

१ फेब्रुवारी, रविवार

भामा एकटी आली. दादाला मंदिराचं नाव सांगून. ओमकार खिडकीत होता. सकाळी रेसकोर्सवर घोडे फिरवतात, त्यांच्या टापांचा आवाज भिंतीपलीकडून येतो, तेवढा वेळ तो देवासारखा बसतो. भामा त्याच्याजवळ बसली, त्याच्या बोटांकडं बघत.

"वहिनी, माझा सोन्या असंच करायचा."

सोन्या म्हणजे तिचं पहिलं लेकरू. प्रशांतच्या आधीचं. दोन वर्षांचं होऊन गेलं, ताप डोक्यात जाऊन. मी म्हटलं, "त्याला तर ताप आला होता."

"ताप शेवटी आला. त्याच्या आधी बसत नव्हता, बघत नव्हता. बोटं अशी फिरवायचा. झटके यायचे. तुमच्या दादांनी सांगितलं, ताप म्हणायचं. मी ताप म्हटलं. इतकी वर्षं ताप म्हणतेय." मग माझा हात धरला. "तुम्ही मोडा हे लग्न. मला मोडता येत नाही, वहिनी. तुम्हाला येतं."

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, सरळ सांग ना, वेड्याची बहीण नको म्हणून! तुझ्या पोराला रेल्वेची नोकरी लागली तशी दुसरी मोठी स्थळं दिसायला लागली असतील. ती म्हणाली, तसं नाही. मी म्हटलं, मग कसं? ती रडायला लागली. मी चहासुद्धा दिला नाही. हे प्लास्टर गळ्यात बांधून दारात उभे होते, बहिणीला बस स्टॉपवर सोडायला गेले ते फार उशिरा आले. डोळे लाल. विचारलं काय बोलली, तर म्हणे काही नाही. भावा-बहिणीत सगळं काही नाहीच असतं.

५ फेब्रुवारी

शेजारच्या राबिया आपा कुर्ता अल्टर करायला आल्या. सुई दातात धरून मी माप घेतेय आणि त्या म्हणतात, "तुमारी बेटी कू मैं कल दवाखाने में देखी, वो सिकंदराबाद वाले छोकरे के संगात. दोनों कँटीन में बैठे थे, चाय ठंडी हो रई थी. छोकरी रो रई थी."

सुई टोचली मला. संध्याकाळी तेजूला उभं धरलं. लग्नाआधी फिरायला दवाखाना मिळाला? सिनेमा बंद पडलेत हैदराबादचे? ती म्हणाली, मैत्रीण ॲडमिट आहे. मग रडत का होतीस? मैत्रीण सीरियस आहे. मैत्रिणीचं नाव विचारलं तर दोन नावं सांगितली, एक आधी, एक नंतर. मला मूर्ख समजते. मला कळत नाही का, तरुण पोरं आहेत, भांडली असतील कशावरून. साडीच्या रंगावरून असेल. मी मरून रंग म्हणाले, तिला ते फिकट काहीतरी हवं होतं.

ह्यांचं मनगट बघायला प्रशांत मागच्या आठवड्यात आला होता, तेव्हा त्याच्या कोपराच्या खळीत कापसाचा बोळा चिकटवलेला. म्हणाला ऑफिसात रक्तदान होतं. मी त्याला दोन लाडू जास्त दिले. तेजूनं पाणी आणून दिलं आणि उभीच राहिली, त्या कापसाकडं बघत.

१० फेब्रुवारी

गिऱ्हाइकाचा ब्लाउज बिघडला. लग्नाचा, भारी कापड. दोन्ही बाह्या तोकड्या. त्या बाईनं माझ्या तोंडावर फेकला. शोधलं तर माझंच जुनं पेपर कटिंग, केव्हाचं चुकलेलं, गठ्ठ्यात तसंच होतं. फाडायचं राहिलं. ओमकारनं गठ्ठे कालवले म्हणून त्याच्यावर ओरडले. पण त्यानं कालवले नव्हते.

रात्री तेजू म्हणाली, "आई, मी लग्नच नाही केलं आणि ओमला मीच बघितलं तर?"

"आणि तुला कोण बघील?"

"कोणी कशाला बघायला पाहिजे?"

मी म्हटलं, जास्त शहाणपणा करू नको, झोप. उद्या ऑफिस आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलेच शेवटी डॉक्टरीणबाईंकडं. एकटी. भामाच्या सोन्याचं सांगितलं. बोटं, झटके, सगळं. विचारलं, हे तेच का?

म्हणाल्या, गेलेल्या लेकराचं रक्त नाही, मी तेच आहे असं म्हणणार नाही. पण तुमच्या भावाकडं आणि वहिनीकडं दोघांकडंही खराब माप असू शकतं, हा संशय आता जास्त पक्का झाला. मग प्रशांतकडंही असू शकतं. तेजश्रीकडंही. दोघांकडं असलं तर त्यांच्या प्रत्येक मुलाला चारांत एक धोका.

"आणि तीन चांगले?"

"प्रत्येक वेळी नव्यानं चारांत एक, ताई. पहिलं आजारी निघालं म्हणून पुढची तीन चांगली, असं नसतं."

मी हेच धरून बसले होते. एक गेला, आता बाकीचे सुटले. भामाचा सोन्या गेला, प्रशांत चांगला निघाला. माझा ओमकार असा, तेजू चांगली. हिशेब संपला, असं.

म्हटलं, आणि नंतर? दिवस गेल्यावर काही बघता येतं का? म्हणाल्या, येतं, पण आधी माहीत पाहिजे काय शोधायचं ते. म्हणून दोघांचं रक्त. नुसतं रक्त, ताई. लग्न मोडा असं मी म्हटलेलं नाही. माहीत असलेल्या माणसांना रस्ते असतात, माहीत नसलेल्यांना नसतात.

मी म्हटलं, मग तेजूचं लगेच घ्या, मी उद्याच घेऊन येते. बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही तेजश्रीशी बोला."

"तेच म्हणतेय, घेऊन येते."

"आधी बोला तिच्याशी. मोठी मुलगी आहे. ज्याचा रिपोर्ट, त्यानंच सांगायचा असतो."

काय बोलतात ही शिकलेली माणसं. रिपोर्ट अजून झालाच नाही आणि सांगायचा कुणी याचं भांडण. घरी येऊन तेजूला म्हटलं, उद्या रक्त द्यायला चल. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. म्हणाली, "आधी मामाला तयार कर, आई. मग मी येते." बरोबर आहे. एकीचं रक्त घेऊन काय उपयोग, टाळी दोन हातांची.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. उपाशी पोटी दादाकडं जाऊन भांडण केलं.

दादा म्हणाला, "तू वेडी झालीस पोराच्या नादानं."

मी म्हटलं, "दादा, सोन्याला ताप नव्हता."

भामा दाराच्या चौकटीला धरून. दादा तिच्याकडं बघून म्हणाला, "तू सांगितलंस?" त्यानं हात उचलला नाही, पण तिनं मान आत घेतली. म्हणजे हात ओळखीचा आहे. हे मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

"रक्तबिक्त काही नाही," दादा म्हणाला. "प्रशांत माझा मुलगा आहे. उद्या रेल्वे कॉलनीत कळलं हिम्मतरावाचं पोरगं तपासायला नेलं, तर काय तोंड दाखवू? आणि ऐक. लग्न मोडलंस तर ही तुझ्या घरी. साटंलोटं आहे. माझी सून येणार नसेल तर तुझी नणंद इथं राहणार नाही. आणि तो तुझा... त्याचा शब्द पण संपला."

तो तुझा. ओमकार म्हणाला नाही. तो तुझा.

प्रशांत उठला. म्हणाला, "बाबा, मला एक सांगायचंय." दादा ओरडला, "तू गप बस!" तो बसला. पंचवीस वर्षांचा पोरगा, नोकरी करणारा, गप बसला. माझ्याकडं बघत होता, मी नंतर सांग म्हणून हात केला. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. काय सांगणार होता कोण जाणे. नंतर विचारायचं राहूनच गेलं.

१८ फेब्रुवारी

काही सुचत नाही. मोडलं तर ओमकारला कोणी नाही. भामा रस्त्यावर, म्हणजे माझ्याकडं. नाही मोडलं तर तेजूच्या मांडीवर एक ओमकार. ती माझ्यासारखी नाही. मी चावा घेतलेल्या हातानं शिवत बसते. ती मोडून जाईल.

दिवसभर मशीन चालवली, मोटार भिजल्यापासून पायानंच. ओमकार पायडलकडं बघत बसला. पायडल थांबलं की अस्वस्थ होतो, म्हणून नुसतंच चालवलं, कापड नसताना.

संध्याकाळी ह्यांनी तोंड उघडलं. हा माणूस वर्षातून एकदा बोलतो. म्हणाले, "त्या दिवशी भामा सगळं बोलली बस स्टॉपवर. मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं."

"मग आता का सांगता?"

"आता हात मोडलाय. घरी बसून दिसायला लागलं." मग थोड्या वेळानं, "येऊ दे भामाला. तिचंच घर आहे."

"आणि ओमकार? आपल्या मागं?"

पलीकडं घोडे नव्हते, संध्याकाळी नसतात. ओमकार तरी खिडकीत बसला होता, वाट बघत.

"आपण आहोत तोवर आपण," हे म्हणाले. "पुढचं मला ठाऊक नाही. पण त्याच्यासाठी पोरगी गहाण टाकायची नाही."

मी स्वयंपाकघरात गेले आणि कांदा चिरला. भाजीत कांदा घालायचा नव्हता.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मशीन भिंतीकडं सरकवली. एका माणसाची गादी पडेल एवढी जागा झाली. तेजूनं विचारलं, कशाला? म्हटलं, तुझ्या आत्यासाठी. ती माझ्या गळ्यात पडून रडली, लहानपणी रडायची तशी. मी म्हटलं, अजून काही मोडलं नाही, रक्त दिल्यावर चांगलंही निघेल, दोघांचं स्वच्छ निघेल, मग लावू की लग्न धूमधडाक्यात. ती जास्तच रडायला लागली. पोरींचं काही कळत नाही. चांगलं बोललं तरी रडतात.

दादा फोन उचलत नाही. म्हणून तेजूला म्हटलं, मी बोलते, तू ते रेकॉर्ड कर आणि पाठव. बोलून झाल्यावर ती फोन हातात धरून उभी राहिली. अंगठा वर, पाठवत नाही.

"आई, नक्की पाठवू? मामा काहीही म्हणाला तरी... तुला जे कळायचं ते कळेलच."

"मग पाठव की! उशीर कशाला?"

पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. ऐकलं त्यानं. उत्तर नाही. काय बोलले ते इथं उतरवून ठेवते, उद्या तो म्हणायला नको की तिरू असं बोललीच नव्हती.

दादा, मी तिरू. आबासाहेबांची शपथ घालणार नाही, ते गेले, त्यांचं रक्त तुझ्यात नि माझ्यात आहे, चांगलं-वाईट जे असेल ते. शुक्रवारी दवाखान्यात डॉक्टर मनीषा बसतात. तेजू येणार, मी येणार, हे येणार. तू प्रशांतला घेऊन ये. तूही रक्त दे, भामालाही देऊ दे. सोन्या कशानं गेला ते ती स्वतःच्या तोंडानं सांगेल. तिला कोणी गप करायचं नाही. आला नाहीस तर लग्न मोडलं, सुपारी मी परत पाठवते. ओमकारचा शब्द मागं घ्यायचा तर घे. त्याला थांब ऐकू येत नाही, त्याचा इलाज नाही. तुला ऐकू येतं आणि तू थांबत नाहीस. भामाला पाठवायचं असेल तर दारात सोडून जाऊ नको, वर आणून सोड, तिची जागा करून ठेवली आहे. आणि गप राहिलास तर ते 'नाही' असं समजून गप बसणार नाही मी, तुझ्या दारात येऊन बसेन, रेल्वे कॉलनी बघू दे. येतोस की नाही? गुरुवारी दिवेलागणीच्या आत मला सांग.